पाण्यावरची खूण

उजनीच्या पाण्यात नांगर टाकायचा तर करमाळ्याकडचा मच्छीमार आधी थांबतो. खाली काय आहे, ते त्याला ठाऊक असतं. 1980 साली भीमेवरचं हे धरण पुरं झालं आणि यशवंतसागर भरला. त्याआधी या तळाशी शेतं होती, बांध होते, बाभळीची बनं होती, विहिरी होत्या, देवळं होती, माणसांची घरं होती. माती विरघळून गेली. दगड, खोडं आणि विहिरींचे कठडे राहिले. नांगर त्यात अडकला की ओढाओढ करून काही होत नाही, शेवटी दोर कापावा लागतो. म्हणून गळ टाकून बसायचं असेल तेव्हा इथं होडी वाऱ्यावर सोडतात, नाहीतर एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं सारखं वल्हं मारत राहायचं. मासा मात्र नेमका त्या अडचणीतच बसलेला असतो. पडक्या भिंतीचा आडोसा, खोडाचं बूड, विहिरीच्या तोंडाचा काठ, या त्याच्या जागा. होडी पाच-सात मीटर सरकली की गळ मोकळ्या पाण्यात, आणि मोकळ्या पाण्यात चिलापीखेरीज फारसं काही लागत नाही.

या अडचणीवर एक यंत्र आहे. त्याला ट्रोलिंग मोटर म्हणतात. होडीच्या तोंडाशी बसवायची विजेची मोटर: उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडालेली मोटर आणि पंखा, वरच्या टोकाला तिचं डोकं, आणि हातात किंवा गळ्यात एक रिमोट. गिअरवर चालणारी अशी मोटर 1934 साली अमेरिकेतल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी बनवली. पुढची कितीतरी वर्षं ती साधीच होती. दांडा हातानं किंवा पायानं वळवायचा, वेग कमी-जास्त करायचा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिच्या डोक्यात जीपीएस आलं. आता रिमोटवरचं नांगराचं बटण दाबलं की मोटर ती जागा लक्षात ठेवते. वाऱ्यानं होडी सरकू लागली की स्वतः वळते, हवा तेवढा जोर लावते आणि होडीला परत तिथं आणते. दोर नाही, आकडा नाही, खाली काही अडकायचं नाही. उजनीसाठीच केल्यासारखी वस्तू आहे, असं मला तिच्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

माझा भाचा मिनेसोटात असतो. त्या राज्यात दहा हजारांहून जास्त तळी आहेत आणि तिथं ही मोटर बैलगाडीच्या जोखडाइतकी नित्याची. त्याच्याकडची वापरलेली एक मोटर तो सुट्टीत येताना सामानातून घेऊन आला. बॅटरी विमानातून आणण्यात अर्थ नव्हता, ती इथली. होडी तात्यांची. तात्या करमाळा तालुक्याच्या काठावरचे, जन्म पाण्यात गेलेल्या एका वाडीतला, हयात जाळ्यावर गेलेली. मी सोलापूरचा, गळाचा नाद असलेला. पाण्यावर त्यांचा शब्द शेवटचा, हे न बोलता ठरलेलं आहे.

मोटर बसली आणि दोष एकामागून एक पुढं येऊ लागले. ते शोधणं हेच मला सांगायचं आहे, कारण दोष शोधण्याचं काम आपल्याकडं फार हलकं धरलं जातं. वस्तू चालते तेव्हा तिच्याकडं कुणी बघत नाही. ती अडते तेव्हाच तिच्या आत काय काय एकमेकांवर टेकून उभं आहे, ते दिसतं. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर होते. माग अडला की विणकर सांगायचा, धागा तुटतोय. वडील धाग्याकडं बघायचेच नाहीत. धोटा कुठं घासतोय, फणीचा कुठला दात वाकलाय, ताण कुठं जास्त पडतोय, तिथं हात न्यायचे. तुटका धागा ही त्यांच्या लेखी फक्त बातमी होती. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा दंडक होता. दोन बदलल्या आणि माग चालला तर कशानं चालला ते कधीच कळणार नाही, म्हणायचे. तो दंडक मी पाण्यावर नेला.

सुरुवातीला मोटरला आपण कुठं आहोत हेच सापडेना. रिमोटवरचं उपग्रहाचं चिन्ह लुकलुकत राहिलं. हा बिघाड नव्हता. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि कुठला उपग्रह केव्हा कुठं असेल याचं पंचांग यंत्र स्वतःजवळ ठेवतं. ही मोटर शेवटची चालली होती ती अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका तळ्यात. तिच्या हिशेबी ती अजून तिथंच होती आणि तिथल्या आकाशातले उपग्रह करमाळ्याच्या आकाशात शोधत होती. जुनं सोडून नवं पंचांग उतरवून घ्यायला उपग्रहाकडून साडेबारा मिनिटं लागतात, तेही आकाश मोकळं असेल तर. आम्ही होडी झाडाखालून काढून उघड्या पाण्यात आणली, मोटर चालू ठेवून हात बांधून बसलो. चिन्ह स्थिर झालं. तात्या म्हणाले, "नवी सून हाय. घर वळकू द्या तिला."

रिमोटचं फारसं सांगण्यासारखं नाही. तो कधी ऐके, कधी नाही. सेल बदलले, मोटरच्या डोक्यावरचं बटण दाबून दोघांची जोडणी पुन्हा केली, तरी तेच. मग लक्षात आलं की मी मागच्या फळीवर मोटरकडं पाठ करून बसलो की तो मुका होतो. रिमोटच्या रेडिओलहरी ज्या पट्ट्यातल्या असतात, त्या पाणी शोषून घेतं, आणि माणसाचं शरीर बरंचसं पाणीच असतं. छातीवर लोंबणारा रिमोट आणि मोटर यांच्या मधे माझीच पाठ येत होती. दोरी लांब करून रिमोट खांद्यापाशी बांधला, प्रश्न संपला.

बॅटरीनं मात्र खरी परीक्षा घेतली. मोटर सावकाश चालत असे तोवर सगळं ठीक. वारा वाढला, मोटरनं जोर लावला, की तिचं डोकं एकदम बंद पडून पुन्हा चालू होई आणि धरलेली जागा विसरून जाई. म्हणजे जिथं तिची गरज सगळ्यात जास्त, तिथंच ती हात सोडायची. ही 12 व्होल्टची, 55 पौंड जोराची मोटर आहे. साधारण 25 किलो वजन ओढायला लागेल एवढा तो रेटा, आणि पूर्ण वेगात ती 50 अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची, ट्युब्युलर, दोन माणसांनी उचलायची. ती दमदार असते. सोलापुरात लोडशेडिंगच्या काळात घरोघर तिनंच रात्री काढून दिल्या. पण तिच्या अंगावर लिहिलेले 150 अँपिअर-अवर हे वीस तासांत थोडी थोडी रिकामी केली तर मिळतात. एका दमात 50 अँपिअर मागितले तर ती तीन तास पुरत नाही, बरीच आधी बसते.

तरी बॅटरी भरलेली असतानाही तेच होत होतं. मीटर लावला. मोटर बंद असताना 12.6 व्होल्ट. पूर्ण वेगात बॅटरीच्या टोकांवर 12. आणि त्याच क्षणी मोटरच्या टोकांवर 10.8. मधले जवळजवळ सव्वा व्होल्ट कुठं गेले? वायरीत. बॅटरी जड म्हणून होडीच्या मागच्या अंगाला, मोटर पुढच्या टोकाला. मधे चार मीटर अंतर, जाऊन-येऊन आठ मीटर तांबं, आणि वायर 6 चौरस मिलिमीटरची, घराच्या मेन लाइनला घालतात तसली. एवढ्या वायरीचा अडथळा एका ओहमचा चाळिसावा भागही नसतो. घरातल्या पंख्याला आणि ट्यूबला तो जाणवणारही नाही. पण 50 अँपिअर त्यातून न्यायचे म्हटलं की तेवढाच अडथळा बारापैकी जवळजवळ सव्वा व्होल्ट खाऊन टाकतो, वायर कोमट होते आणि मोटरचं डोकं उपाशी पडतं. आम्ही वायर 16 चौरस मिलिमीटरची घातली. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साठली होती, ती सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, पितळी टोकं काचकागदानं घासून चकचकीत केली, नट आवळले, वर व्हॅसलीनचा हात फिरवला. मोटरपाशी 11.6 व्होल्ट आले आणि भर वाऱ्यातही तिनं जागा विसरायचं सोडलं.

याच सुमाराला एकदा मोटर घरघरू लागली. पंखा वर काढला तर त्याला जलपर्णीची मुळं गुंडाळलेली. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, त्यावर ही जलपर्णी पोसते आणि वाऱ्याबरोबर सगळ्या फुगवट्यावर पसरते. मुळं काढणं सोपं. पण तात्यांनी पंख्याचा नट सोडवून पंखाच बाहेर ओढला. मागं, दांड्याच्या अगदी बुडाशी, तंगुसाची एक बारीक गुंडाळी बसलेली होती. कुणाच्या तरी फाटक्या जाळ्यातली. ती वरून दिसत नाही. फिरता फिरता ती आतल्या रबरी सीलमध्ये रुतते आणि सील कापलं की मोटरमध्ये पाणी शिरतं. तात्यांनी नखाच्या टोकानं तंगूस एकेक पदर करून उकलला. कापला नाही. सुरी सीलला लागेल म्हणून. चाळीस-पन्नास वर्षं जाळी विणलेल्या, जाळी सोडवलेल्या हातांचं ते काम होतं. कुठल्याही माहितीपुस्तकात ते असं लिहिलेलं नाही. तेव्हापासून दर खेपेनंतर पंखा काढून बघायचा, हा नियम झाला, आणि तो नियम तात्यांचा आहे.

आता सगळं जागेवर होतं. बॅटरी भरलेली, वायर जाड, पंखा साफ, रिमोट बोलता, उपग्रह सापडलेले. आणि तरीही नांगराचं बटण दाबलं की होडी त्या जागेभोवती घिरट्या घालू लागे. सरळ परत यायच्याऐवजी वळसा घेत यायची, जागा ओलांडून पुढं जायची, पुन्हा वळसा. जोर जास्त लागला की घिरटी मोठी. तात्या बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हिला जागा कळतीया, भाऊ. आपलं तोंड कुनीकडं हाय ते कळंना."

ते वाक्य म्हणजे अचूक निदान होतं. जीपीएस जागा सांगतं. दिशा सांगत नाही. चालत्या गाडीत ते दिशाही दाखवतं, पण ती काढलेली दिशा असते: मघाशी इथं होतो, आता तिथं आहे, म्हणजे तिकडं चाललोय. उभ्या होडीला हा हिशेब लागू पडत नाही. होडी जागेपासून चार मीटर पूर्वेला गेली हे मोटरला उपग्रह सांगतात. पण पश्चिमेला ढकलायचं म्हणजे दांडा किती वळवायचा, हे ठरवायला होडीचं तोंड या क्षणी कुठं आहे ते कळायला हवं. त्यासाठी मोटरला निराळा होकायंत्राचा डोळा दिलेला असतो. आमच्या मोटरीत तो होडीच्या पुढच्या टोकावर बसवलेल्या एका लहान डबीत आहे. तो डोळा वीस-तीस अंशांनी चुकला तर होडी नेमकी येण्याऐवजी वळसा घेत येते. चूक नव्वद अंशांच्या पलीकडं गेली तर ती परत येतच नाही, दर धक्क्यागणिक लांब जाते.

डोळा का चुकत होता? मी साधं होकायंत्र त्या डबीशेजारी धरलं. काटा उत्तरेला नव्हताच. डबीपासून हातभर अंतरावर, होडीच्या तोंडाच्या पोकळीत, तात्यांचा नांगर ठेवलेला होता: सळई वाकवून, वेल्डिंग करून केलेला चार आकड्यांचा. उजनीत तो क्वचितच पाण्यात जातो, म्हणून कायम तिथंच असतो. जो टाकायचा नव्हता तो नांगर न टाकताच होडीला भोवंडत होता. तो मागं नेला, काटा उत्तरेला आला. घिरट्या पुष्कळ कमी झाल्या. पण गेल्या नाहीत, आणि जोर लागला की वाढायच्या, हे तसंच राहिलं.

इथं वडिलांचा दंडक उपयोगी पडला. एक गोष्ट बदलली होती, तिचा परिणाम दिसला होता, उरलेला दोष म्हणजे दुसरं कारण. मोटर बंद असताना होकायंत्र बरोबर, चालू असताना चुकीचं. म्हणजे कारण प्रवाहात होतं. वायरीतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकाचं बळ तयार होतं, हे शाळेत सगळे शिकतात. 50 अँपिअरची एकटी वायर दहा सेंटिमीटरवर 100 मायक्रोटेस्ला एवढं बळ उभं करते. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय बळ 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. म्हणजे आमची नवी जाड वायर, मोटरनं जोर लावला की, त्या डबीला पृथ्वीपेक्षा दुपटीहून मोठ्यानं हाक मारत होती. दोन वायरी, एक जाणारी आणि एक येणारी, होडीच्या दोन कडांनी वेगवेगळ्या नेल्या होत्या. त्या एकत्र आणल्या, एकमेकींना पीळ दिला, डबीपासून दूर खालून नेल्या. एक वीज पुढं नेते, दुसरी मागं आणते, त्यामुळं शेजारी शेजारी ठेवल्या की दोघींची बळं एकमेकांना मारतात. नंतर मोटरच्या नियमाप्रमाणे शांत पाण्यात होडी सावकाश गोल फिरवून त्या डोळ्याला होडीतल्या उरलेल्या लोखंडाची ओळख करून दिली.

मग बटण दाबलं. पश्चिमेचा वारा अंगावर घेत होडी जागेवर उभी राहिली. पंखा मधूनच थोडा फिरे, थांबे. भाच्याला व्हिडिओवर दाखवलं, तिकडं मध्यरात्र होऊन गेली होती. "मामा, माझ्याकडं असताना ती इतकी नीट कधी उभी राहिली नव्हती," म्हणाला. मला मोठा आनंद झाला तो तात्यांच्या चेहऱ्याकडं बघून. हातातलं वल्हं त्यांनी आडवं ठेवलं आणि दोन्ही हातांनी गळ धरला.

पण त्या दिवशी होडी उभी करायची कुठं, हे मोटरनं सांगितलं नव्हतं. ते तात्यांनी सांगितलं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पाण्यावर रस्ता नसतो, मैलाचा दगड नसतो, सगळीकडं सारखंच पाणी. त्यातून ते एका बुडालेल्या विहिरीच्या कठड्यावर होडी आणतात. कशी? साखर कारखान्याची चिमणी आणि पलीकडच्या माळावरची पाण्याची टाकी एका ओळीत आली पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूला विजेचा अमुक मनोरा डोंगराच्या खांडीत दिसला पाहिजे. दोन ओळी जिथं एकमेकींना छेदतात ती जागा. उपग्रहांची रीत मुळात याच जातीची आहे. फरक इतकाच, की तिथं खुणा आकाशात आहेत, ओळीऐवजी अंतर मोजलं जातं, आणि वेळेचा हिशेब जुळवायला किमान चार उपग्रह लागतात. चार अंतरांचं गणित असो की दोन ओळींची नजर, बुद्धी एकच.

तात्यांच्या पद्धतीत एक बारकावा आहे, तो मला कळायला वेळ लागला. ते काठावरची खूण कधीच धरत नाहीत. "काठ चालतो," म्हणतात. उजनीचा काठ खरोखरच चालतो. या धरणात एकंदर सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा आणि साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. म्हणून मृतसाठ्यातलं पाणी उचललं की आकडा शून्याखाली जातो, आणि सोलापूरकर 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हणतो. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती. अशा वेळी पाण्याची कड कितीतरी आत सरकते. दिवाळीला जिथं होडी बांधली तिथं मेमध्ये जनावरं चरतात. काठावरचं झाड खूण म्हणून घेणारा फसतो. चिमणी, टाकी, मनोरा, डोंगर: पाण्याच्या हिशेबात न येणाऱ्या गोष्टीच खूण म्हणून चालतात. उपग्रहही त्याच कारणानं चालतात.

आणि तरी उपग्रह दुसऱ्याचे आहेत. 2 मे 2000 पर्यंत अमेरिकी सरकार सर्वसामान्यांना मिळणाऱ्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. तशा जीपीएसवर ही मोटर विहीर सोडून शंभर मीटरच्या परिघात भटकत राहिली असती. भारताच्या स्वतःच्या 'नाविक' या जीपीएससारख्या प्रणालीचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी गेला, ते बरंच झालं. पण चिमणी आणि टाकी यांची ओळ कुणाच्या परवानगीनं चालत नाही. पाण्यावर जाणाऱ्यानं दोन्ही जवळ बाळगावं, असं माझं मत आहे. एक चुकलं तर दुसरं सांगतं.

वाऱ्यापुढं मात्र दोन्हींचं चालत नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी याच फुगवट्यात, कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान, वादळी वाऱ्यानं प्रवासी बोट उलटली आणि सहा माणसं गेली. इकडच्या गावांना तिकडं जायला पाण्यातला रस्ता जवळचा, जमिनीवरून मोठा वळसा. लोक रोजचे त्या बोटीनं जायचे-यायचे. त्या घटनेनंतर तात्यांनी होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणालाही घेतलेलं नाही, मलाही नाही. 25 किलोचा रेटा देणारी मोटर वळवाच्या वाऱ्यापुढं काहीच नाही. पश्चिमेला ढग काळा होऊ लागला की नांगराचं बटण सोडायचं, गळ गुंडाळायचे आणि मोठं इंजिन लावून काठाला यायचं. मासा लागत असला तरी. याला आमच्याकडं अपवाद नाही.

त्या विहिरीबद्दल एक गोष्ट राहिली. ती तात्यांच्या चुलत्यांची विहीर. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर जसं वर येतं आणि लोक बघायला लोटतात, तशी ती येत नाही. ती खोल आहे. ती पुन्हा दिसेल अशी आशा तात्यांना नाही. तिच्या आसपास आणखी काय काय आहे ते ते जाळ्यावरून सांगतात: इथं मारुतीचा पार, इथं दगडी बांध, इथं चिंचेचं बूड, तिथं जाळं टाकलं की फाटतंच. फाटलेल्या जाळ्यांनी त्यांनी सगळी वाडी पुन्हा मोजून काढली आहे. त्यांच्या पिढीतल्या मच्छीमारांच्या डोक्यात उजनीच्या तळाचा असा नकाशा आहे. त्यांच्या मुलांच्या डोक्यात तो अर्धा आहे. नातवंडं पुण्याला, भिगवणला, टेंभुर्णीला कामाला आहेत, त्यांच्याकडं तो नाहीच.

आम्ही मोटरच्या स्मरणात त्यांतल्या जागा एकेक करून घालायला लागलो आहोत. तात्या खुणांवरून होडी आणतात, मी बटण दाबतो, ते जागेचं नाव सांगतात, मी वहीत नाव आणि आकडे लिहितो. मोटरच्या पोटात मोजक्याच जागा मावतात आणि मोटर एक दिवस बंद पडणारच. वही राहील.

यासाठी मोटर लागत नाही. साध्या मोबाइलमधलं जीपीएस पुरतं. ज्यांचं गाव उजनीत, कोयनेत, जायकवाडीत किंवा आणखी कुठल्या धरणात गेलं आहे, त्यांनी घरातल्या वयस्कर माणसाला, नाहीतर तिथल्या जुन्या मच्छीमाराला बरोबर घेऊन एकदा त्या पाण्यावर जावं. वारा पडलेला असताना, सकाळी, अंगात लाइफ जॅकेट घालून. ते 'इथं' म्हणतील तिथं होडी थांबवून अक्षांश आणि रेखांश लिहून घ्यावेत, दशांशानंतर पाच आकडी, म्हणजे मीटरभराचा नेमकेपणा येतो. शेजारी त्यांच्या खुणाही लिहाव्यात, कुठली चिमणी कुठल्या टाकीच्या ओळीत, ते त्यांच्याच शब्दांत. आणि जागेचं नाव लिहावं, ते घरात म्हणत असतील तसंच. येत्या उन्हाळ्यात हे करा. पाणी तेव्हा खाली असतं आणि माणसं अजून आहेत.